दातवण ते वनस्पती-अर्क : दंतक्षय रोखण्याचा निसर्गमार्ग

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य-व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानाला दातांसारखा किरकोळ वाटणारा विषय का, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. दात हा अवयवच असा आहे, की दुखेपर्यंत त्याची कोणाला आठवण होत नाही आणि एकदा ठणकू लागला की दुसरे काही सुचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मौखिक आरोग्याच्या अहवालानुसार जगातील सुमारे दोनशे कोटी माणसांच्या कायमच्या दातांना आणि पन्नास कोटींहून अधिक बालकांच्या दुधाच्या दातांना उपचार न झालेली कीड आहे. मानवजातीत सर्वाधिक पसरलेल्या व्याधींत दंतक्षयाची गणना होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरीकडे बाजारात पाहावे, तर टूथपेस्टच्या खोक्यावर कडुनिंबाचे पान, लवंग किंवा एखादी साल छापलेली नसेल तर ते खोकेच जुनाट वाटावे, अशी परिस्थिती आहे. घरोघरीचे चित्र असे दिसते : आजी सांगतात, ‘आमच्या वेळी बाभळीची काडी होती, बत्तीशी शाबूत आहे.’ आई भ्रमणध्वनीवर आलेला संदेश वाचून दाखवते, की फ्लोराइड हे विष आहे, म्हणून घरात केवळ वनस्पतींची पेस्ट आणायची. आणि सात वर्षांच्या नातवाच्या दाढेला काळा खड्डा पडलेला असतो. यात कोणाचे खरे मानायचे? वनस्पतींच्या अर्कात दात वाचविण्याचे सामर्थ्य खरोखर आहे काय, आणि असल्यास ते कोठपर्यंत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. मराठीत ‘दाताला कीड लागली’ असे म्हणतात. सुश्रुतसंहितेतील दंतरोगांतही ‘कृमिदंत’ या नावाचा विकार आहे. दातात अळी शिरून तो पोखरते, ही समजूत केवळ भारतात नव्हे, तर बॅबिलोनपासून युरोपपर्यंत शतकानुशतके रूढ होती. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात या अळीविषयी शंका घेतली. पुढे बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० साली खरे कारण मांडले : तोंडातील सूक्ष्म जिवाणू अन्नातील साखर-पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो. १९२४ साली इंग्लंडमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक विशिष्ट जिवाणू वेगळा काढला व त्याला ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ असे नाव दिले. आज दंतक्षयाच्या चर्चेत सर्वाधिक घेतले जाणारे नाव हेच आहे. दोषी तो एकटाच नाही, इतर आम्लकारी जिवाणूही त्याच्या जोडीला असतात, हे मात्र लक्षात ठेवावे.

या जिवाणूचे कौशल्य दोन प्रकारचे आहे. साखर मिळताच तो काही मिनिटांत आम्ल तयार करतो. शिवाय आपल्या वितंचकाच्या, म्हणजे एन्झाइमच्या साहाय्याने त्याच साखरेपासून एक चिकट खळ बनवितो. या खळीच्या आधारे जिवाणूंचा थर दाताला घट्ट चिकटतो. सकाळी जीभ फिरवली असता दातांवर जो बुळबुळीत लेप जाणवतो, तो हाच. दाताचे बाह्य कवच, ज्याला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात, ते वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे आणि शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. तरीही तोंडाचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातील खनिज सुटू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि अर्ध्या ते एक तासात परिस्थिती पूर्ववत होते. इतकेच नव्हे, तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दातात बसते. म्हणजे दिवसभर दातात झिजेचा आणि भरपाईचा व्यवहार चालू असतो. दर तासाला एक बिस्किट, एक चॉकलेट, एक घोट गोड चहा असे चालू ठेवले, की भरपाईला उसंतच मिळत नाही. खड्डा पडतो तो अशाच जमाखर्चात.

साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली आणि ती दाताला किती काळ चिकटून राहिली याला महत्त्व अधिक, ही गोष्ट स्वीडनमधील विपेहोम येथील प्रयोगांतून १९५४ साली जगापुढे आली. ते प्रयोग मानसिक विकलांग रुग्णांवर, त्यांच्या संमतीवाचून करण्यात आले होते, त्यामुळे त्यांचा निषेधच केला पाहिजे. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड थोडी वाढली. जेवणाच्या मधल्या वेळांत दिलेल्या चिकट टॉफीने ती भयंकर वाढली. तिळाची चिक्की, गुळपापडी आणि साखरेत घोळलेली रंगीत बडीशेप दिवसभर चघळणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता वनस्पतींकडे वळू. या देशात दात घासण्याचे साधन मुळात झाडच होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसातून दोन वेळा दंतधावन सांगितले असून करंज, कण्हेर, रुई, मालती, अर्जुन आणि असणा या झाडांच्या काड्या योग्य मानल्या आहेत. सुश्रुतांनी तर दातवणाचे मापही दिले : लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीच्या टोकाएवढी, गाठ नसलेली, सरळ, ताजी काडी. पुढे रसांप्रमाणे निवड सांगितली आहे. तुरटांमध्ये खैर श्रेष्ठ, कडूंमध्ये निंब, गोडांमध्ये मोह आणि तिखटांमध्ये करंज. दिवसातून दोनदा दात घासावेत, हे आजच्या दंतवैद्याचे सांगणे या मातीला नवीन नाही. मधल्या काळात ते विसरले गेले, एवढेच. राजस्थान, कच्छ, सौराष्ट्र या रुक्ष प्रदेशांतून पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांतील वृद्धांना पीलूचे, म्हणजे मारवाडात ज्याला ‘जाळ’ म्हणतात त्या झाडाचे दातण आठवत असेल. अरबस्तानात मिस्वाक म्हणून प्रसिद्ध असलेली काडी ती हीच. दक्षिण महाराष्ट्राच्या गावांत बाभूळ आणि कडुनिंब यांचे राज्य होते.

काडीचे काम दुहेरी असते. चावून कुंचल्यासारख्या झालेल्या तंतूंनी दातावरील थर खरवडला जातो, आणि चावताना सुटणारा रस तोंडात पसरतो. दात स्वच्छ झाला तो कुंचल्याने की रसाने, हे काडीकडे पाहून ठरविता येत नाही. त्यासाठी रस वेगळा काढून, म्हणजे अर्क करून, त्याची परीक्षा घ्यावी लागते. गेल्या चाळीसेक वर्षांत देशोदेशींच्या प्रयोगशाळांत हे काम झाले आहे.

त्यातील एक प्रयोग या श्रोतृवृंदाला विशेष भावेल. १९९६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील वोलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या काडीचा पाण्यातील अर्क तपासला. कडुनिंब जिवाणूंना मारतो, अशी सर्वसाधारण समजूत. या प्रयोगात वापरलेल्या मात्रेत अर्काने जिवाणूंची वाढ थांबविली नाही. मात्र त्याने दोन गोष्टी केल्या : ती चिकट खळ तयार होण्यास अडथळा आणला, आणि दाताच्या खनिजासारख्या पृष्ठभागावर जिवाणूंना चिकटू दिले नाही. संहार न करता आसनच काढून घेतले, असे म्हणता येईल. तोंडात शेकडो प्रकारचे सूक्ष्मजीव नांदत असतात आणि त्यातील बहुसंख्य निरुपद्रवी, काही तर उपकारक असतात. सर्वांचा सरसकट नाश करणारे औषध वापरण्यापेक्षा उपद्रवी जिवाणूंचा जम बसू न देणे अधिक शहाणपणाचे, असे आता आधुनिक दंतवैद्यकही मानू लागले आहे.

कडुनिंबाची माणसांवरील परीक्षाही झाली. २००४ साली कर्नाटकातील मणिपाल येथील संशोधकांनी निंबपत्राच्या अर्काची जेली सहा आठवडे वापरून तिची तुलना क्लोरहेक्सिडीन या प्रस्थापित औषधाच्या गुळण्यांशी केली. दातांवरील थर आणि लाळेतील जिवाणूंची संख्या या दोन्हींत जेलीने चांगली घट झाल्याचे त्यांना आढळले. क्लोरहेक्सिडीन प्रभावी खरे, परंतु दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव बिघडते. म्हणूनच त्याला वनस्पतीज पर्याय शोधण्याचा ध्यास संशोधकांना लागला आहे.

बाभूळ व खैर यांच्या सालीत, तसेच हिरडा, बेहडा, आवळा यांत टॅनिन हे तुरट द्रव्य विपुल असते. जीभ आखडून घेणारा जो तुरटपणा, तोच प्रथिनांना बांधून ठेवतो; त्यामुळे हिरड्या घट्ट होतात आणि जिवाणूंची वितंचके निकामी होतात. त्रिफळ्याच्या गुळण्यांची शाळकरी मुलांवर क्लोरहेक्सिडीनशी तुलना करून पाहणारा भारतीय अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला आणि त्यात त्रिफळा तुल्यबळ ठरला. त्रिफळा स्वस्त, घरात सहज मिळणारा आणि चवीला सोडल्यास कोणत्याही दृष्टीने आक्षेपार्ह नसलेला पदार्थ आहे. चमचाभर चूर्ण पेलाभर पाण्यात उकळून, गाळून, कोमट करून गुळण्या कराव्यात. मुले तोंड वाकडे करतील, ते करू द्यावे.

चहाच्या पानातील कॅटेचिन ही द्रव्येही जिवाणूंच्या त्या खळीला आडकाठी करतात, आणि चहाचे झाड जमिनीतील फ्लोराइड आपल्या पानांत साठविते. हे ऐकून चहाप्रेमींनी हर्षित होण्याचे कारण नाही. त्यात दोन चमचे साखर पडली, की गुणाचा अवगुण झाला.

ज्येष्ठमधाची कथा अधिक रंजक आहे. खोकल्यावर घराघरांत चघळली जाणारी ही मुळी. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वेनयुआन शी यांच्या गटाने तिच्यातून म्यूटन्स जिवाणूला मारणारी द्रव्ये वेगळी केली आणि तो अर्क साखरविरहित लॉलीपॉपमध्ये घालून मुलांना दिला. जिवाणूंची संख्या घटल्याचे प्राथमिक निष्कर्ष निघाले. चोखायची गोळीच दाताची राखण करते, ही कल्पना मोठी गमतीची आहे. ज्येष्ठमध ही मुळी असल्याने ती वाळलेल्या स्वरूपात आपल्या नियमात बसते किंवा नाही, हे ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र ती रोज चघळू नये, कारण तिने रक्तदाब वाढतो.

लवंगेविषयी गैरसमज फार. लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक युजेनॉल हा आहे आणि दंतवैद्य आजही झिंक ऑक्साइडबरोबर त्याचे मिश्रण करून तात्पुरते भरण करतात. दातांच्या दवाखान्यात शिरताच येणारा विशिष्ट वास त्याचाच. त्याने ठणका थांबतो. कीड थांबत नाही. ठणका थांबला म्हणून दवाखान्यात जाणे लांबणीवर टाकले, की दाढ काढण्याची पाळी येते. शिवाय हे तेल विरळ न करता लावल्यास हिरडी भाजते आणि लहान मुलाने गिळल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते. ती लहानशी बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.

महाराष्ट्रात वनस्पतीज दंतमंजनाचा इतिहास ‘वज्रदंती’ या शब्दाशी जोडलेला आहे. वज्रदंती म्हणजे कुंपणाकाठी उगवणारी पिवळ्या फुलांची, काटेरी कोरांटी. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत विको कंपनी सुरू केली आणि हे नाव घराघरांत पोहोचले. त्या मंजनाला औषध म्हणावे की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी कराच्या संदर्भात न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाला. कर आकारणीचा तो वाद असला, तरी त्यातील मूळ प्रश्न आजच्या विषयाला थेट भिडणारा आहे. वनस्पती घातली म्हणून पदार्थ औषध होतो काय?

येथे थोडे कठोर बोलावे लागेल. काचेच्या बशीत वाढविलेल्या जिवाणूंवर अर्क ओतणे आणि जिवंत माणसाच्या तोंडात दात वाचविणे यात महदंतर आहे. बशीत अर्क चोवीस तास जिवाणूंच्या सान्निध्यात असतो. तोंडात तो दोन मिनिटे राहतो आणि चूळ भरली की वाहून जातो. बशीतील जिवाणू सुटे असतात. दातावरचे चिकट थरात दडून बसलेले असतात. त्यातच कोणत्या झाडाची साल, कोणत्या ऋतूत काढलेली, पाण्यात की अल्कोहोलमध्ये मुरविलेली, यानुसार अर्काची ताकद बदलते, आणि पेस्टच्या नळीत तो नेमका किती टक्के आहे हे पाहायला भिंग लागते. वनस्पतीज द्रव्यांचे बहुतेक अभ्यास काही आठवड्यांचे, थोड्या माणसांवरचे आहेत आणि त्यांत मोजला गेला आहे तो दातावरचा थर किंवा जिवाणूंची संख्या. दाताला खड्डा पडला की नाही, हे पाहायला दोन-तीन वर्षे लागतात.

अशी दीर्घ परीक्षा फ्लोराइडने दिलेली आहे. मुलांवरील अनेक चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००३ च्या अहवालात फ्लोराइडयुक्त पेस्टमुळे दंतक्षय सरासरी २४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा पेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. फ्लोराइड जिवाणूंशी भांडत बसत नाही; दातातून सुटलेले खनिज परत बसताना ते त्यात मिसळते आणि नवा थर आम्लाला अधिक दाद देत नाही, असा घडवते. वनस्पतींचे अर्क हे काम करीत नाहीत. त्यांचे काम थराच्या बाजूचे आहे, फ्लोराइडचे दाताच्या बाजूचे. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे हे नातेच नाही, आणि ज्या घरात कडुनिंबाच्या प्रेमापोटी फ्लोराइड पूर्ण बंद केले जाते त्या घरातील मुलांचे त्यात नुकसान होते.

फ्लोराइडची भीती अगदी निराधार आहे असेही नाही. आंध्रातून आता तेलंगणात गेलेला नलगोंडा जिल्हा, किंवा आपल्याकडील यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावे, येथील विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड अतिरिक्त असल्याने दातांवर डाग पडणे, पुढे हाडे वाकणे असे विकार झाले आहेत. पाण्यातील १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. ज्यांच्या गावी असे पाणी आहे त्यांनी मुलांच्या पेस्टबाबत दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. इतरांसाठी नियम सोपा : तीन वर्षांखालील बालकाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, आणि ती थुंकायला लावायची. जाहिरातीत ब्रशभर दाखविलेली पेस्ट कंपनीच्या खपासाठी असते.

‘नैसर्गिक’ या शब्दाचीही एकदा झाडाझडती घेतली पाहिजे. तंबाखू ही वनस्पतीच आहे. ती तव्यावर भाजून केलेली मशेरी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, दात घासण्याच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. दाताचा ठणका कमी होतो म्हणून सुरुवात व्हायची आणि मग दिवसातून चार-चार वेळा बोट तोंडात जायचे. तिने हिरड्या गेल्या, काहींचे प्राण कर्करोगाने गेले. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली. घरी भाजल्या जाणाऱ्या मशेरीला मात्र कायदा पोहोचला नाही. सुपारीही झाडाचेच फळ. व्यसन म्हणून तंबाखू न शिवणारी, सर्व नियम पाळणारी कित्येक माणसे भोजनोत्तर सुपारी निर्धास्तपणे चघळतात. सुपारीने तोंडाची अंतस्त्वचा ताठ होऊन जबडा उघडेनासा होतो, आणि तंबाखूविरहित पानसुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिलेला आहे. चिपळूण-सावर्डे भागात खैरापासून बनणारा कात हिरड्यांना हितकर खरा, पण तोच चुना-सुपारीच्या संगतीने विड्यात गेला की त्या गुणाला काही अर्थ उरत नाही. शेणीची राखुंडी, विटेची पूड, गेरू घातलेले लाल मंजन यांनी दात पांढरे दिसतात ते दंतवल्क घासले गेल्यामुळे. मग थंड पाण्याने कळा येऊ लागतात.

वनस्पतीज म्हणून विकले जाणारे मंजन निखळ वनस्पतीज असते काय, हा या समाजाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न. पुष्कळ पारंपरिक मंजनांत ‘समुद्रफेन’ असतो. नावावरून तो समुद्राचा फेस वाटतो. प्रत्यक्षात ते कटलफिश या सागरी प्राण्याच्या अंगातील कवच होय. शंखभस्म आणि प्रवाळभस्म यांचे मूळही प्राणिजच. प्राचीन दंतयोगांत मध येतो. आधुनिक पेस्टमधील ग्लिसरीन तेलबियांपासूनही मिळते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. डायकॅल्शियम फॉस्फेट खनिजापासूनही बनते आणि हाडांपासूनही. तोंड धुण्याच्या अनेक द्रवांत अल्कोहोल असते. नुसते ‘हर्बल’ हे अक्षर पाहून निश्चिंत होऊ नये. खोक्यावर हिरवे चिन्ह आहे काय ते पाहावे, घटकांची यादी वाचावी, आणि शंका राहिल्यास कंपनीला पत्र लिहून ग्लिसरीनचे मूळ विचारावे.

व्याख्यानाआधी काही श्रावकांनी विचारलेला प्रश्न असा, की मुनिधर्मात दंतधावन वर्ज्य आहे. दिगंबर परंपरेच्या अठ्ठावीस मूलगुणांत ‘अदंतधावन’ स्पष्ट सांगितले आहे, श्वेतांबर आगमांतही साधूंसाठी ते अनाचीर्ण मानले आहे. मग गृहस्थाने एवढा खटाटोप का करावा? त्या व्रताचा हेतू देहाच्या शृंगाराचा त्याग व जीवरक्षा हा आहे. त्याची आरोग्यशास्त्राशी तुलना करणे योग्य नव्हे. परंतु एक गोष्ट नजरेआड होते. त्याच मूलगुणांत ‘एकभुक्त’ही आहे. दिवसातून एकदाच आहार घेणाऱ्या मुनींच्या तोंडातील जिवाणूंना तेवीस तास साखर मिळत नाही. गृहस्थाचे तोंड सकाळच्या चहापासून रात्रीपर्यंत चालू असते. एकभुक्त सोडून केवळ अदंतधावनाचा दाखला देणे सोयीचे खरे, पण दाताला ते मानवणार नाही.

रात्रिभोजनत्याग हा मात्र दातांना लाभदायक नियम आहे, असे निःसंकोच म्हणता येते. झोपेत लाळेचे प्रमाण फार घटते, त्यामुळे रात्री उशिरा खाल्लेले अन्न दातांना सर्वाधिक घातक ठरते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याने ते संकट टाळले. अडचण येते ती अशी, की दंतवैद्य झोपण्यापूर्वी ब्रश करायला सांगतात आणि चौविहार करणाऱ्याला सूर्यास्तानंतर तोंडात पाणी घ्यायचे नसते. यावर उपाय सरळ आहे. सायंकाळचे भोजन थोडे अगोदर उरकावे, पच्चक्खाण घेण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रश करून घ्यावा, आणि नंतर काहीही खाऊ नये. दात स्वच्छ केल्यापासून नवकारसीपर्यंत तोंडात अन्नाचा कण जात नाही, ही स्थिती झोपताना ब्रश करून मध्यरात्री दूध-बिस्किट खाणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगली. पेस्ट थुंकल्यावर घागरभर चुळा भरण्याचीही आवश्यकता नाही. थोडे फ्लोराइड दातावर राहिलेलेच बरे.

दीर्घ उपवासांत लाळ कमी होते, तोंड कोरडे पडते. वर्षीतपाचे पारणे अक्षय्यतृतीयेला उसाच्या रसाने होते. कोरड्या तोंडात इतका मधुर रस जातो तेव्हा त्यानंतर उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन चुळा भरून ते पाणी पिऊन टाकावे, म्हणजे साखर दातांवर रेंगाळणार नाही आणि नियमालाही बाध येणार नाही. वृद्धांत आणि मधुमेह, रक्तदाब यांची औषधे घेणाऱ्यांत लाळ आधीच कमी असते. त्यांनी तपश्चर्येपूर्वी एकदा दात दाखवून घेणे इष्ट.

काडीने दात घासणारे अजूनही असतील, त्यांनी ती सोडण्याचे कारण नाही. मऊ होईपर्यंत चावावी, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवावी, आडवी करवतीसारखी चालवू नये. दाढांच्या मागच्या बाजूला ती पोहोचत नाही, म्हणून दिवसातून एकदा तरी ब्रश हवाच. सजीव झाडाची फांदी रोज तोडणे ज्यांना रुचत नाही, त्यांनी वाळलेल्या सालीचे किंवा त्रिफळ्याचे वस्त्रगाळ चूर्ण बोटाने हिरड्यांवर चोळावे.

शेवटी ज्यांच्या घरी सहा-सात वर्षांची मुले आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ गुपचूप उगवते. पालक तिला दुधाची समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्ष करतात. ती पहिली कायमची दाढ होय. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. तिच्या खाचा खोल असतात. तेथे ना काडीचा तंतू पोहोचत, ना कडुनिंबाचा अर्क. दंतवैद्य त्या खाचा न कोरता, न दुखविता एका लेपाने बुजवून देतात. मुलाला उजेडात उभे करून, तोंड मोठे उघडायला लावून, खालच्या बाजूला पुढून सहावा दात मोजून पाहावा. तेथे तपकिरी रेघ किंवा ठिपका दिसला, तर याच आठवड्यात दंतवैद्याची वेळ घ्यावी.